दत्ता जॉबरचा ऑपेरा

पालघरच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते, तेव्हा आईचा फोन आला. "दत्ताभाऊजी गेले गं," ती म्हणाली. "दुपारचं जेवले, खुर्चीत टेकले. हेमा ताट उचलायला आली, तर..." मी हातातलं प्रूफ तसंच पुढे सरकवलं आणि छापखान्याच्या मालकांना म्हटलं, "आज नको, उद्या बघू." इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. आमच्या कामात पत्रक कायम कालच हवं असतं. बोईसरला पोचेपर्यंत रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं, की आता दारातून आत पाऊल टाकल्यावर "काय कॉम्रेड, आज कुणाचा धिक्कार?" असं कोण विचारणार? आणि दुसरं एक होतं, ते तेव्हा कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं. मी या माणसाचं एक सुख घालवलं, असं मला गेली दोन वर्षं वाटत होतं. त्याचा निकाल लागायच्या आत तो निघून गेला होता.

दत्ताकाका म्हणजे दत्ताराम. माझ्या वडिलांचे मित्र, मूळचे इचलकरंजीचे. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कापडगिरणीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं. जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा, मागवाल्यांचं रडगाणं साहेबाकडे आणि साहेबाच्या शिव्या मागवाल्यांकडे पोचवणारा, आणि पोचवताना दोन्हींतली धार थोडी कमी करणारा माणूस. माझे वडील त्यांच्याच हाताखाली माग चालवायचे आणि उरलेल्या वेळात युनियन चालवायचे. आमच्या घरात पाहुण्याला बसायला पत्रकांचा गठ्ठा द्यायची पद्धत होती. मी अक्षरं ओळखायला शिकले तीही पत्रकांवरच, त्यामुळे 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'निषेध' वाचता येत होतं. काकांना याची फार गंमत वाटायची. ते मला लहानपणापासून कॉम्रेड म्हणायचे, आणि मी खरोखरच चळवळीत पडले तेव्हाही त्यांनी त्यातली चेष्टा तसूभर कमी केली नाही.

मागांच्या खात्यात माणसाचा आवाज दुसऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. शंभर माग एकदम धडधडत असतात. म्हणून तिथे लोक ओठांनी आणि हातांनी बोलतात. ओठ मोठे, सावकाश हलवायचे, आवाज काढायचाच नाही. कॉलर ओढली की साहेब आला. मनगटावर टिचकी म्हणजे वाजले किती. दोन बोटं ओठांना लावली की चहा. बाकीचं जो तो आपापलं रचतो, आणि खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला भावाच्या लग्नाची सगळी हकिगत, नवरीकडच्यांच्या तक्रारींसकट, सांगू शकतो. काका या भाषेतले पट्टीचे वक्ते होते. कान मात्र हळूहळू गेले. ते मानायचे नाहीत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मागाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, "हे आठ दिवसांत जातंय." ते आठ दिवसांत जायचं. निवृत्त झाल्यावरसुद्धा गिरणीतून त्यांना बोलावणं यायचं. मग अशा माणसाला बहिरा कोण म्हणणार?

गिरणीत पाण्याचे माग आले, ते चेक देशातून. यात आडवा धागा पाण्याच्या बारीक झोताबरोबर फेकला जातो. जमीन सदा ओली, मागवाल्यांचे पाय सदा भिजलेले. ते माग बसवायला तिकडचा एक फिटर आला होता, यान नावाचा. त्याला मराठी-हिंदी येत नव्हतं, काकांना इंग्रजीही येत नव्हतं. पण यानचं आयुष्यही मागांच्या गोंगाटातच गेलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने हातवाऱ्यांनी पाना मागितला, काकांनी दिला, आणि मग दोन महिने ते दोघं एकमेकांशी अखंड बोलत होते. साहेब लोकांनी शहरातून आणलेला दुभाषा बाजूला उभा राहून सुपारी चघळायचा. काकांनी यानला घरी नेऊन सातपाटीच्या बोंबलाचं कालवण खायला घातलं. "घाम पुसत पुसत खाल्लंन बिचाऱ्यान," हेमाकाकी सांगायची. "पन परत मागितलंन." हेमाकाकी माहीमची, आपल्या केळव्याजवळच्या, मुंबईच्या नव्हे. पानवेलीच्या वाडीतली मुलगी इचलकरंजीच्या मागवाल्याशी लग्न करून बोईसरच्या कामगार वसाहतीत आली, त्याचीही एक मोठी गोष्ट आहे. ती काकीने लिहायला मनाई केली आहे.

यान परत गेला आणि दोनेक वर्षांनी टपालाने एक पाकीट आलं. आत डीव्हीडी होती. कव्हरवर निळ्या कपड्यांतल्या बायका, पाय ओल्या फरशीवर, आणि त्यांच्यामागे मागांची रांग. तिसऱ्या मागावर पेनाने बाण काढला होता आणि बाणाच्या दुसऱ्या टोकाला लिहिलं होतं, यान. तो त्यांच्याकडचा शतकभर जुना, घराघरात माहीत असलेला ऑपेरा होता. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, पण ज्यात बोलणं असं नाहीच, सगळं गाणं. मूळ गोष्ट तळ्यात राहणाऱ्या एका जलकन्येची. नव्या दिग्दर्शकाने तळं काढून टाकलं आणि सगळं नाटक पाण्याच्या मागांच्या खात्यात नेलं. त्याच्यासाठी रंगमंचावर खरेखुरे माग उभे केले होते, ते यानच्या जुन्या गिरणीतले, आणि त्यांतला तिसरा त्याने स्वतः बसवला होता. काकांनी त्या एका डिस्कसाठी प्लेअर विकत घेतला. त्यानंतर दर रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्याकडे ऑपेरा लागायचा. आवाज अगदी बारीक, कारण वसाहतीत भिंतीला भिंत, आणि पलीकडे कुणी ना कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असायचंच. काका स्पीकरच्या खोक्याला स्क्रूड्रायव्हर टेकवून बसायचे आणि जो कुणी आलेला असेल त्याला गोष्ट सांगायचे. ऐकू कमी येणारा माणूस मोठ्यांदा बोलतो. त्यामुळे बारीक आवाजातला ऑपेरा काकांच्या सांगण्याखाली बुडून जायचा.

मी बरीच वर्षं त्याला नाक मुरडलं. राजपुत्र, जलकन्या, झुंबरं लावलेल्या थिएटरात बसून कुणाच्या तरी पैशावर रडणारी माणसं, असं माझं मत होतं, आणि ते मी काकांना ऐकवलंही होतं. "व्हय," ते म्हणाले होते, "तिसऱ्या मागाचा पट्टाबी ढिला हाय. म्या यानला कळवलंय." माझ्या मताला त्यांनी एवढीच किंमत दिली.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मी गेले होते ती भांडायला. आमच्या संघटनेने मागवाल्यांचे कान तपासायचं ठरवलं होतं. डॉक्टर मिळाल्या होत्या, वसाहतीतलं समाजमंदिर मिळालं होतं, फक्त माणसं येत नव्हती. तरुण पोरं कानात बोळे घालत नव्हती आणि तपासणीलाही तयार नव्हती. विचारलं तर एकच उत्तर यायचं, "दत्ता चाचा ने कभी डाला क्या?" म्हणजे आमच्या सगळ्या पत्रकांच्या आड एकटे काका उभे होते. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. "तुमच्या अभिमानापायी पंचवीस वर्षांची पोरं बहिरी होतायत, काका!" त्यांनी माझे ओठ नीट वाचले आणि समोर बोट केलं. "बस. सुरू व्हतंय. हे झालं की शिव्या दे."

म्हणून मी पहिल्यांदा ते सगळं बसून पाहिलं. डिस्कच्या कव्हरात इंग्रजी पुस्तिका होती, ती उघडून वाचत होते, आणि इकडे काका सांगत होते. ते सांगत होते तेही मन लावून ऐकावं असंच होतं. "ही आपली बाई. मागवाली. तो म्हातारा निळ्या कोटातला, हातात पाना, तो जॉबर. म्हंजे मी. आणि हा गुलाम, गिरणीच्या मालकाचा पोरगा." तिथे मी सावरून बसले. राजपुत्राला मालकाचा मुलगा केलं होतं! "काका, हा तर आपलाच ऑपेरा आहे," मी म्हटलं, आणि उत्साहाने वर्गसंघर्षावर थोडं बोलले. काकांनी ते हाताने बाजूला सारलं. "बग तरी. तिचा जीव जडतो पोरावर. तिला त्याच्या बंगल्यात जायाचं हाय. मग ही कॅन्टीनवाली, चेटकीण हाय ही, सौदा करती. बंगल्यात जा म्हणती, पर तुझे हात मला दे."

"हात?"

"हात. खात्यातली बोली हातात असती नव्हं? ती घेती चेटकीण, आणि तिला पांढरे हातमोजे घालती. मग बंगल्यात बग काय व्हतं. सगळी तोंडानं बोलत्यात, हातात पेले. ही मधी उभी, हात लोंबकळत. कुणाला काय सांगावं तिनं? पोरगा कंटाळतो, दुसरीच्या मागं जातो. ही परत खात्यात येती तर माग बंद, बाया तोंड फिरवत्यात. शेवटी तो पोरगा येतो पाय धरायला. ही मोजे काढती आणि हातानं त्याला सगळं सांगती. पर त्याला कुठं येती ती बोली? तिथंच मरतो."

पुस्तिकेत असं काही नव्हतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, की चेटकीण नायिकेचा आवाज घेते. मला वाटलं, काकांना भाषा कळत नाही म्हणून गल्लत झाली असेल. शेजारचे त्या आठवड्यात गावाला गेले होते. मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवून डिस्क पुन्हा पहिल्या अंकावर आणली. नायिका दोन मागांच्या मधे ओल्या फरशीवर बसून वर कौलांतल्या काचेतून येणाऱ्या चंद्राच्या उजेडाकडे बघून गात होती. मला संगीतातलं कळत नाही. पण तो आवाज असा चढत गेला, की वसाहतीतली ती दहा बाय दहाची खोली मला एकदम उंच वाटायला लागली. "काय आवाज आहे, काका!" मी म्हणाले.

काकांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "कुणाचा?"

"हिचा. गातेय ती..."

"ती कुठं गाती? ती खात्यात हाय. ओठांनी बोलती."

तिथे मी थांबायला हवं होतं. आमच्याकडे खरं बोलायला थांबत नाहीत. खरं लपवणाऱ्यांविरुद्धच तर आमची सगळी छपाई चालते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं, की ती गाते. पहिल्यापासून गाते. सगळ्यात सुंदर तीच गाते. तुम्हाला त्या म्हाताऱ्या जॉबरचा खर्ज ऐकू येतो, मालकाच्या मुलाचा आवाज थोडा येतो, तिचा येत नाही, कारण तुमचे कान गेलेत, काका. पुस्तिकेतली ओळही वाचून दाखवली. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग हाक मारली, "हेमा!"

काकी पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"ही म्हणती, ती बाई गाती. खरं काय?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मी अजून ती विसरलेले नाही. "गाते," ती म्हणाली. "पयल्यापासून."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी एवढे रंगात येऊन सांगता. मदेच कशी बोलू? नि मला तुमची गोष्टच बरी वाटते. आवाज काय, कोनाचापन जातो."

काका हसले नाहीत. त्यांनी डिस्क काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, कव्हरात ठेवली. मला म्हणाले, "जा तू आता." मी शिव्या न देताच परत आले.

पुढचे दोन रविवार त्यांच्याकडे चार वाजता टीव्ही लागला नाही. वडिलांनी मला घरी फैलावर घेतलं. ज्या माणसाने माझ्या हातात पहिलं पत्रक दिलं, तो मला म्हणाला, "खरं सांगायला रस्ता आहे, सभा आहे. घरात माणसाचं तोंड बघून बोलावं." मी उलट भांडले. तुम्हीच शिकवलंत म्हणाले. पण आतून मला कळत होतं, की काकांच्या कानांबद्दल मी बोलले ते बरोबर असलं तरी, इतकी वर्षं दर रविवारी त्या घरात जे चालत होतं ते मी बंद पाडलं होतं. संप यशस्वी करणं आणि हे, यात फरक असतो.

तपासणीच्या दिवशी समाजमंदिरासमोर वीस-पंचवीस जण बिड्या ओढत उभे होते. आत जायला कुणी तयार नव्हतं. "पहले तू जा, सुरेंदर." "मैं क्यों? तेरी बीवी बोलती है तू सुनता नहीं." "वो तो सबकी बीवी बोलती है!" डॉक्टरबाई दोनदा घड्याळात बघून गेल्या. आम्ही आतल्या खोलीला चहूबाजूंनी गाद्या उभ्या करून शांतता केली होती, त्या गाद्यांच्या आडोशाला तेवढ्यात एक मांजर झोपून उठलं. आणि मग काका आले. इस्त्रीचा सदरा, पायात बूट. माझ्याकडे न बघता सरळ आत गेले आणि कानांवर हेडफोन चढवून बसले. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, म्हणजे डॉक्टरांपुढचा दिवा लागायचा. खिडकीतून आम्हाला तो दिवा दिसत होता. डॉक्टर चकती फिरवत होत्या, आणि दिवा लागत नव्हता. काका शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसून होते, अंगठा बटणावर. चकती फिरत राहिली. बाहेरच्यांच्या बिड्या विझल्या. खूप वेळाने, अगदी जाड सूर आले असावेत तेव्हा, दिवा एकदा लागला... मग पुन्हा एकदा.

बाहेर येऊन ते पायरीवर उभे राहिले. तोंडातून आवाज काढलाच नाही. खात्यात उभे असल्यासारखे, मैदानाच्या त्या टोकाला असलेल्यालाही दिसेल असे हात वर करून ते बोलले, आणि तिथल्या प्रत्येकाला कळलं, बलियाच्या माणसालाही आणि जव्हारच्या माणसालाही. मला वडिलांनी शेजारून अर्थ सांगितला. "वरचं सगळं गेलंय. बायकांचा आवाज गेला, पाखरं गेली. मला कळलंच नाही, कारण हळूहळू गेलं. तुमचं अजून आहे. आत बसा." सुरेंदरने बिडी टाकली आणि आत गेला. त्याच्यामागे रांग लागली. त्या तपासणीच्या कागदांवरच आम्ही पुढे गिरणीत अर्ज दिला, भांडलो, आणि आज तिथे दर वर्षी कान तपासले जातात, बोळे मिळतात, आणि पोरं ते घालतातही. याचं श्रेय आमच्या पत्रकांनी घेतलं. घ्यायला नको होतं.

त्यांतल्या एका पत्रकाचा मसुदा मी काकांना दाखवायला नेला होता. 'गिरणीने दत्ता जॉबर यांच्या आयुष्यातलं संगीत हिरावून घेतलं' अशी सुरुवात होती. मला ती फार आवडली होती. काकांनी खिशातून पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. "माझं संगीत माझ्यापाशी हाय," ते म्हणाले. "ह्या पोरांचं जाऊ नये म्हणून लिव्ह. माझं कशाला लिवतीस?" त्या दिवशी आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ऑपेराचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

नाशिकला दिलेल्या त्यांच्या मुलीने त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं. पहिल्या दिवशी काका वसाहतभर तक्रारी करत फिरत होते. "हे कावळे आधीपासून एवढं वरडत व्हते?" "हेमा, तुझ्या बांगड्या जरा गप कर." माझे वडील बोलतात ते ऐकून म्हणाले, "तुझा आवाज असा हाय व्हय! म्या जाड समजत व्हतो." मग एका रविवारी निरोप आला, चारला ये. मी गेले. काकांनी आवाज वाढवला, कानातलं यंत्र नीट केलं. नायिका मागांच्या मधे बसली आणि गायला लागली. मी टीव्हीकडे बघतच नव्हते, काकांकडे बघत होते. ते गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "चांगली गाती."

"मग?"

"मग काय? चांगली गाती." त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. "पर माझी बरी व्हती."

मी चिडले. माझ्या स्वभावाला दुसरं काय सुचणार? म्हटलं, "काका, हे स्वतःला फसवणं आहे. दिग्दर्शकाने, गाणारीने, त्या सगळ्या माणसांनी जे केलंय ते बघा ना!"

"तुझ्या पुस्तकात आवाज लिवलाय. बरं. हातमोज्यांचं काय लिवलंय?"

मी पुस्तिका उलटसुलट चाळली. हातमोज्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. पण पडद्यावर ते होते. चेटकिणीने ते स्वतः तिच्या हातांत चढवले होते, आणि शेवटी तिने ते दातांनी ओढून काढले होते. पहिल्या अंकात सगळ्या बायका हातवारे करत होत्या आणि बंगल्यातल्या अंकात कुणीच करत नव्हतं. मला ते दिसलंच नव्हतं, कारण मी वाचत होते. काका माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुझं खरं तू ऐक, कॉम्रेड. माझं मी बगतो." पुढे मला त्या वेळेला त्यांनी कधी बोलावलं नाही. मी धरून चालले, की ते पूर्वीसारखंच बघत असतील, पण पूर्वीसारखं सुख त्यात उरलं नसेल. एकदा ती गाते हे कळल्यावर माणूस तिला मुकी कशी समजणार? विचारायचं धाडस झालं नाही. खरं बोलणाऱ्याला खरं विचारायची भीती वाटते, हे तेव्हा कळलं.

काका गेल्याला आता दीड महिना होईल. गेल्या रविवारी दुपारी काकीकडे गेले. ऑक्टोबरची बोईसरची हवा, एमआयडीसीचा वास आणि घामोळं. काकी पापलेटला मीठ-हळद लावत होती आणि माहीमच्या भावजयीची तक्रार सांगत होती. भावजय म्हणते, आता इकडे राहायला ये. काकी म्हणते, मला गोंगाटाशिवाय झोप लागत नाय. मी हसत होते, मधेच स्वतःचंही काही सांगत होते. चार वाजले. काकीने हात धुतले, पदराला पुसले, प्लेअर सुरू केला आणि भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला.

"अगं काकी, उकडतंय किती! पंखा का बंद केलास?"

"त्या यंत्रात पंख्याची घरघर यायची त्यांना. 'गान्यात खरखर नको,' बोलायचे."

मला क्षणभर कळलं नाही. "कुठल्या गाण्यात?"

"याच. तिच्या." नायिका ओल्या फरशीवर येऊन बसत होती. "यंत्र आलं तवापासून रोज. आधी रविवारी बघायचे, मग रोज चारला. यंत्र लावायचे, पंखा बंद करायचे, हे एक गानं ऐकायचे. संपलं की यंत्र डबीत, पंखा चालू, नि पुडचं सगळं आपल्या पद्धतीनं, हातमोज्यांचं. मला रोज परत सांगायचे, जशी मला ठाऊकच नाय!"

"मला कधी बोलले नाहीत."

"नाय बोलनार. 'कॉम्रेडला सांगू नको,' बोलायचे. 'मोर्चा काढंल जिंकल्यासारखा.'"

मी तोंड उघडलं, तर काकीने ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावर नायिका गायला लागली होती. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, काकीने उठून खिडकीही ओढून घेतली. आम्ही दोघी त्या बंद खोलीत घामाच्या धारा पुसत बसलो, आणि आवाज वर, वर चढत गेला. काकी डोळे मिटून ऐकत होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते.

गाणं संपलं. काकी उठली, पंखा लावला, आणि वाऱ्याखाली येऊन बसत म्हणाली, "हां, बोल आता. काय सांगत होतीस?"